गोळीवाल्यांच्या पोटातला खडा

गोळीवाले आजारी पडले आहेत, हे त्यांच्या घरात कोणी बोलून दाखवलं नाही. ज्या माणसाचं हसरं तोंड पाचक गोळ्यांच्या बाटलीवर छापलेलं आहे, त्या माणसाचं पोट दुखत नसतं. फार तर त्याची झोप नीट झालेली नसते.

"हवा बदलली की होतं असं," मुलींची आई म्हणाली.

"हवाच," गोळीवाले म्हणाले, आणि बेसिनपाशी जाऊन ओकले.

त्यांची धाकटी मुलगी हे दारात उभी राहून बघत होती. थोरली लग्न होऊन लांब गेली होती आणि रोज फोनवरून सल्ले देत असे. धाकटी दुकानात बापाच्या हाताखाली होती, त्यामुळे तिला सल्ले द्यायला सवड नव्हती. वडिलांना ती दादा म्हणायची. पण दुकानात सगळे त्यांना गोळीवाले म्हणत, आणि तिच्याही मनात आता ते गोळीवालेच झाले होते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे लाकडी काउंटर, त्यावर काचेच्या बरण्या, मागे पडद्याआड गोळ्या दाबायचं जुनं यंत्र. खडूची भुकटी, सोडा आणि काही कडू मुळं एवढ्यावर तीन पिढ्या चालल्या होत्या. दुकान उघडण्याची रीत ठरलेली होती. शटर वर जायचं, गोळीवाले काउंटरवरून फडकं फिरवायचे, मधल्या बरणीतून एक गोळी काढायचे आणि जे कोणी समोर उभं असेल त्याच्यादेखत, पाण्याशिवाय, गिळायचे. मग रिकामा तळहात दाखवायचे. "आधी मी, मग तुम्ही." त्यांचे वडील हेच करत. सर्दी असो, सुतक असो, यात खंड पडलेला धाकटीने पाहिला नव्हता.

पण दुकानाचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच गोष्टीने. गोळीवाले गिऱ्हाईक नाकारत. कोणी पोट धरून आलं की ते आधी प्रश्न विचारत, एकापाठोपाठ एक, आवाज न चढवता. कुठे दुखतं, कसं दुखतं, उलटी झाली का, पोट फुगलंय का, वारा सरतो का. उत्तरं ठीक असली तर गोळी. उलटी आहे, पोट फुगलंय आणि वारा सरत नाही, असं निघालं तर ते बरणीचं झाकण लावत आणि म्हणत, "ही आमची गिऱ्हाइकी नाही. सरळ हॉस्पिटल गाठा." मग तो माणूस रडो, भांडो, दुप्पट पैसे देवो. असे परत पाठवलेले लोक बरे होऊन आले की आयुष्यभर त्यांच्याच गोळ्या खात. कोणाला गोळी दिली हे गाव विसरून जाई. कोणाला दिली नाही ते सांगत सुटे.

तर असे हे गोळीवाले परवापासून पोट धरून बसले होते आणि स्वतःला एकही प्रश्न विचारत नव्हते. त्यांनी स्वतःला गोळ्या मात्र दिल्या. आधी एक, मग दोन, मग मूठभर. सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली तेव्हा त्यांनी सदरा आटला असं सांगितलं.

"सदरा पोटापुरताच आटला का?" धाकटीने विचारलं.

"कापडाचं काही सांगता येत नाही," गोळीवाले म्हणाले. त्यांना कळ आली, ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

तेव्हा तिने दुकानाची माल पोचवायची गाडी दाराशी लावली आणि त्यांना मागे खोक्यांच्या मध्ये आडवं केलं. प्रत्येक खोक्यावर त्यांचं चित्र होतं. सगळी तोंडं हसत होती, एक सोडून.

*

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नाकातून पोटात नळी घातली गेली. तिच्यातून हिरवं पाणी खालच्या पिशवीत येऊ लागलं. हाताला सलाईन, तोंडाने काहीही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. फोटो काढले, मग मोठ्या यंत्रात घालून आणखी फोटो काढले. दुपार व्हायच्या आत सर्जनबाई आल्या. आखूड केसांच्या, चपळ, आणि कुणालाही समजावून सांगायची हौस असलेल्या. त्या पलंगाच्या कडेलाच बसल्या.

"लहान आतडं म्हणजे एक लांबलचक मऊ नळी," त्या म्हणाल्या. "तिच्या भिंतीतून रक्तवाहिन्या आत शिरतात. जिथे शिरतात तिथे भिंत जरा कच्ची असते. वय झालं, आतून दाब पडत राहिला, की तिथून आतलं अस्तर बाहेर ढकललं जातं. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगे येतात ना, तसं. आतड्याला अशा पिशव्या लटकतात. पुष्कळांना असतात, आणि बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही."

"यांना किती आहेत?" आईने विचारलं.

"बऱ्याच. मोजल्या नाहीत."

"मोजूही नका," आई म्हणाली. "घरी कपाटामागे पण हेच आहे. एक पिशवी टाकवत नाही यांच्याच्याने."

सर्जनबाईंनी हे ऐकून घेतलं आणि पुढे गेल्या. "नळीतून जे जातं ते पुढे सरकत राहतं. पिशवीत जे शिरतं ते तिथेच बसतं. यांच्या एका पिशवीत काहीतरी साचत गेलं, त्यावर थर चढले, त्याचा खडा झाला. तो आता पिशवीतून निसटून खाली घरंगळलाय, आणि नळी जिथे अरुंद होते तिथे बुचासारखा बसलाय. त्याच्या मागचं सगळं तुंबलं. म्हणून फुगवटा, म्हणून उलट्या. पोट उघडून खडा काढायचा. आजच."

"संध्याकाळपर्यंत बघू," गोळीवाले नळीच्या बाजूने म्हणाले. "खडाच आहे ना? सरकेल. मी आयुष्यभर लोकांची पोटं सरकवलीत."

"आतडं फार ताणलं की त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. तेवढा भाग मरतो आणि फुटतो. मग मी फार काही करू शकत नाही."

"वारा सरतोय माझा."

सर्जनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी हात लावू शकत नाही," त्या म्हणाल्या. "थिएटर तयार ठेवते. लवकर ठरवा." आणि उठल्या.

आई त्यांच्या मागे व्हरांड्यात गेली, थोरलीला फोन लावायला. धाकटी पलंगाशी राहिली.

"दादा, हो म्हणा."

"आणि गावात काय सांगशील? गोळीवाल्याचं पोट तुंबलं?"

"झालंय ते सांगेन."

"मग शटर कायमचं खाली ओढ." त्यांनी डोळे मिटले. कळ आली, चेहरा मुठीसारखा आवळला, आणि गेली. "त्यापेक्षा मेलेला बरा. हृदयविकाराने गेले म्हणून सांगा. आपल्या गोळीचा हृदयाशी काही संबंध नाही."

हे ते चिडून म्हणाले असते तर धाकटीला बरं वाटलं असतं. पण नव्या मालाचा भाव ठरवावा तशा आवाजात ते म्हणाले, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांचा विचार पक्का झालेला आहे.

एवढ्यात सिस्टर पिशवी बदलायला आली आणि थांबली. नळीतून हिरव्याऐवजी राखाडी पाणी येत होतं.

"आजोबा, काय खाल्लंत?"

"काही नाही."

"मग हे काय?"

"मला काय ठाऊक. नळी तुमची."

सिस्टरने धाकटीकडे पाहिलं. धाकटीला तो रंग ओळखायला वेळ लागला नाही. यंत्र धुतल्यावर मागच्या मोरीत रोज तोच रंग वाहत असे. तिने उशीखाली हात घातला. कागदाच्या पुडीत गोळ्या होत्या, आणि पुडी अर्धी रिकामी होती.

सिस्टर पुडी घेऊन जाणार होती. "राहू द्या जरा," धाकटी म्हणाली. "सर्जनबाईंना सांगा, थोड्या वेळात मी बोलावते."

शेजारच्या पलंगावर पायाला प्लास्टर घातलेला एक ड्रायव्हर होता. त्याने सकाळपासून सगळं ऐकलं होतं, आणि आता तो कोपरावर रेलून नीट ऐकायला बसला.

पलंगाच्या पायथ्याशी जेवणाचं चाकांचं टेबल होतं. धाकटीने ते ओढून गोळीवाल्यांच्या पोटावरून आडवं घेतलं. ओढणीच्या टोकाने पुसलं. पुडी आपल्या बाजूला ठेवली आणि टेबलापलीकडे ताठ उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोला?"

"काय होतंय?"

"धाकटे, तमाशा नको."

"उगाच खोळंबा करू नका. मागे लोक आहेत."

मागे फक्त ड्रायव्हर होता. त्याने मान डोलावली.

गोळीवाल्यांनी छताकडे पाहिलं. पण काउंटर पुढ्यात आला की त्यांना गप्प बसता येत नसे. फरक इतकाच की आज ते दुसऱ्या बाजूला होते.

"पोटात दुखतंय," ते म्हणाले.

"कुठे?"

"बेंबीभोवती."

"सलग, की थांबून थांबून?"

"येतं, पिळतं, जातं. पुन्हा येतं."

"उलटी?"

"झाली."

"कसली?"

"आधी खाल्लेलं. मग पिवळं. मग हिरवं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. ज्यांना कुठे दुखतं तेही धड सांगता येत नाही अशा हजार माणसांचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांचा आता तसाच येत होता.

"पोट?"

"दिसतंय की."

"गिऱ्हाइकाने सांगायचं."

"फुगलंय."

"वारा सरतो?"

"सरतो."

"शेवटचा कधी?"

हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. वडिलांकडून आलेला नव्हता. वाऱ्याबद्दल माणसं हटकून खोटं बोलतात, भले भले बोलतात, हे काउंटरमागे बसून त्यांना कळलं होतं. 'सरतो' म्हणणं सोपं असतं. कधी, ते विचारलं की माणूस खिडकीकडे बघतो. गोळीवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग आपण खिडकीकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"सांगून टाका की काका," ड्रायव्हर म्हणाला.

"परवा," गोळीवाले म्हणाले. "सकाळी."

धाकटीने पुडीचं तोंड दुमडलं आणि पुडी बंद केली.

"एक तरी द्या," गोळीवाले म्हणाले.

"नाही मिळणार."

"का?"

"तुमचं दुकान आहे. तुम्हीच सांगा का."

ते बंद पुडीकडे बघत राहिले. एक कळ येऊन गेली तरी त्यांनी नजर काढली नाही.

"अशाला गोळी दिली तर माणूस हातचा जातो," ते शेवटी म्हणाले. "वडील सांगायचे. पोरगा असला तरी द्यायची नाही."

"मग?"

"मग काय. ही आमची गिऱ्हाइकी नाही." त्यांनी टेबल स्वतःच्या हाताने बाजूला ढकललं. "बोलव त्या बाईला."

ड्रायव्हर म्हणाला, "मी पण एकदा तुमच्याकडून असाच परत गेलो होतो. अपेंडिक्स निघालं."

"आठवतंय," गोळीवाले म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं, पण गिऱ्हाइकाला तसं कधी सांगायचं नसतं.

*

थिएटरबाहेरच्या बाकावर आई आणि धाकटी बसून होत्या. थोरली फोनवरून रडत होती आणि मधूनमधून सल्ले देत होती. आईने फोन मांडीवर उलटा ठेवला होता. फोनमधून येणारा आवाज मधमाशीसारखा वाटत होता.

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची लहान वाटी होती. "वेळेवर झालं," त्या म्हणाल्या. "आतडं काळवंडायला लागलं होतं. खडा काढल्यावर पुन्हा गुलाबी झालं. कापून टाकावं लागलं नाही."

आईने डोळ्यांना पदर लावला. फोन उचलून थोरलीला म्हणाली, "गुलाबी झालं," आणि पुन्हा उलटा ठेवला.

वाटीत अक्रोडाएवढा खडा होता. सर्जनबाईंनी तो मधोमध कापला होता. आत एकाभोवती एक अशी राखाडी-पांढरी वर्तुळं होती, झाडाच्या कापलेल्या बुंध्यात असतात तशी.

"मधे कसलं तरी बी दिसतंय. कधीतरी गिळलेलं असेल. त्यावर हे थर," सर्जनबाई म्हणाल्या. "लॅबला पाठवते. पण मला विचाराल तर हा खडूसारखा दिसतो. हे खडू खातात का?"

धाकटीने वर्तुळांकडे पाहिलं. "दुकान उघडताना रोज एक गोळी," ती म्हणाली.

"चावून?"

"गिळून."

"चावत का नाहीत?"

"भयंकर कडू आहे. चावली की तोंड वाकडं होतं. गिऱ्हाइकांसमोर तोंड वाकडं झालेलं चालत नाही."

सर्जनबाई हसल्या नाहीत. "पिशव्या मी तशाच ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "सुजलेल्या नव्हत्या, आणि इतक्या आहेत की सगळ्या काढायच्या तर आतडं उरणार नाही. म्हणजे पुन्हा असं होऊ शकतं. अख्ख्या गोळ्या बंद. त्यांना समजावणं तुमच्याकडे."

*

पुढचे दिवस गोळीवाल्यांना सिस्टर येता-जाता एकच प्रश्न विचारायची, वारा सरला का. ते खरं तेच सांगत. सरला तेव्हा त्यांनी स्वतःहून हाक मारून सांगितलं, आणि ड्रायव्हरने प्लास्टरवर हात आपटून दाद दिली. नाकातली नळी निघाली. पाणी सुरू झालं, मग पातळ सूप.

त्या दुपारी धाकटीने त्यांना खड्याबद्दल सांगितलं. आडपडदा न ठेवता.

"आपल्या गोळ्यांचा?" त्यांनी विचारलं.

"हो. लॅबचंही तेच म्हणणं."

"घट्ट होता?"

"सर्जनबाई म्हणाल्या, कापताना सुरी दोनदा घसरली."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. मालाची तारीफ कुठूनही आली तरी ती तारीफच. मग त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"हे इथेच राहू दे," ते म्हणाले. "हर्निया झाला म्हणून सांगू. हर्निया कोणालाही होतो."

"सांगू. आणि तुम्ही घरी आलात की दुसऱ्या दिवसापासून काय करायचं? रीत चालू?"

"रीत मोडता येत नाही."

"दादा, तुम्ही गिळता म्हणून सगळे गिळतात. मी रोज बघते. तुमच्यासारखी मान मागे टाकतात आणि तुमच्यासारखाच हात दाखवतात. आपल्या गिऱ्हाइकांत एकही चावत नाही. त्यांच्यातल्या कोणाच्या पोटात अशा पिशव्या आहेत, ते फोटो काढल्याशिवाय मला सांगता येत नाही, तुम्हालाही येत नाही."

गोळीवाले वाटीत चमचा ढवळत राहिले. सूप गार झालं.

भेटायची वेळ झाली आणि दारातून बँडमास्तर आत आले. हे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एके काळी लग्नांत कर्णा वाजवायचे, दात गेले तसा कर्णाही गेला. शटर वर जायच्या आधी ते येऊन उभे असत आणि रोज पहिली गोळी गोळीवाल्यांच्या बरोबरीने गिळत.

"काय हो हे," बँडमास्तर स्टुलावर टेकत म्हणाले. "दुकानासमोर सगळे विचारतायत. कोणी म्हणतं हृदय, कोणी म्हणतं हर्निया. मी म्हटलं, पोट सोडून काहीही असेल."

धाकटी खिडकीशी गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. खोटं सांगायचं असेल तर ते तिच्या डोळ्यांदेखत सांगावं लागू नये, एवढी सोय तिने करून दिली.

मागून चादर सरकल्याचा आवाज आला.

"पोटच होतं," गोळीवाले म्हणाले.

"पोट?"

"बसा नीट. सांगतो." त्यांनी उशीचा अभ्रा ओढून काढला, त्याची लांब गुंडाळी केली आणि एका बाजूने बोट आतून घालून बाहेर फुगवटा काढला. "हे आतडं समजा. ही त्याला आलेली पिशवी. हिच्यात जे जातं ते बाहेर येत नाही. माझ्या पिशवीत आपली गोळी जाऊन बसली. रोज एक. तिचा एवढा खडा झाला, आणि त्याने रस्ता अडवला. पोट फाडून काढला."

बँडमास्तरांनी अभ्र्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आपली गोळी?"

"आपलीच. मी चावायचो नाही. चावायला हवी होती. मी तोंड सांभाळत बसलो."

"माझ्याकडे अर्धी बाटली आहे अजून," बँडमास्तर हळूच म्हणाले. "त्याचं काय करू?"

"चावून खा."

"दात कुठे आहेत मला?"

गोळीवाल्यांनी विचार केला. त्यांनी अभ्रा पुन्हा सरळ केला, उशीवर चढवला, आणि चारी कोपरे ओढून बसवले.

"मग धाकटीला सांगतो," ते म्हणाले. "भुकटी देईल तुम्हाला, न दाबलेली. पाण्यात घालून घ्या. फार वाईट लागते."

"तुम्ही घेणार?"

"तुमच्यासमोर घेईन. हसू येणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो."